प्रोसेसर गार, शेजारी गरम!

बालमित्रांनो, श्रावणातलं वेल्हे तुम्ही पाहिलंय का? तोरणा ढगात बुडालेला, अंगणात चिखल, आणि दोरीवरचे कपडे काही वाळत नाहीत. भर दुपारी शाल पांघरावीशी वाटते. अशा गारठ्यात कुणी म्हणालं, "बाई, माझा कॉम्प्युटर तापून बंद पडतो," तर तुमचा विश्वास बसेल?

माझाही बसला नाही! सांगणारा होता माझा जुना विद्यार्थी. आता तो भोरला अकरावीत शिकतो. वडिलांनी भात विकून आलेल्या पैशांतून त्याला जुना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. गेम अडखळतो म्हणून या पठ्ठ्यानं त्याचं 'ओव्हरक्लॉकिंग' केलं, आणि घरी सांगितलंच नाही. "बाई, तो जळाला तर आबांना काय सांगू?" त्याचा चेहरा अगदी एवढासा झाला होता.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय? कवायतीत आपण शिट्टीच्या तालावर पावलं टाकतो ना, तसाच प्रोसेसर ठोक्यांच्या तालावर काम करतो. एका सेकंदात अब्जावधी ठोके! कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा ठोके वाढवायचे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. पण वेग वाढवला की बहुतेक वेळा व्होल्टेजही थोडं वाढवावं लागतं. इथंच खरी गोम आहे.

वही घ्या बरं. वेग जितका पट, तितकी पट उष्णता वाढते. व्होल्टेज मात्र दोनदा गुणायचं. वेग १.१ पट आणि व्होल्टेजही १.१ पट केलं, तर १.१ × १.१ × १.१ = १.३३१. म्हणजे वेग मिळाला १० टक्के जास्त, आणि उष्णता वाढली सुमारे ३३ टक्के!

"पण बाई, मी उंच, मोठा कूलर बसवलाय. प्रोसेसर ७० अंशांच्या वर जातच नाही," तो म्हणाला. मग कॉम्प्युटर बंद का पडावा? रविवारी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या दादांना घेऊन मी त्याच्या घरी गेले.

दादांनी स्विच बंद केला, प्लग काढला आणि कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या शेजारी बारीक काळे चौकोन, छोटे ठोकळे आणि नळकांडी ओळीनं उभी होती. त्यांची नावं मॉसफेट, चोक आणि कपॅसिटर. या सगळ्या मंडळींना मिळून 'व्हीआरएम' म्हणतात. एसएमपीएसकडून १२ व्होल्ट येतात, पण प्रोसेसरला लागतात साधारण एक-सव्वा व्होल्ट. हा बदल व्हीआरएम करतो आणि तो करताना स्वतः तापतो. प्रोसेसर जितकी जास्त वीज मागेल, तितका हा जास्त तापतो.

जुना पंखा वरून खाली वारा घालायचा, त्यामुळे शेजाऱ्यांनाही वारा मिळायचा. नवा कूलर वारा आडवा फेकत होता. पंगतीत वाढप्यानं एकाच पाहुण्याला वाढत राहावं आणि शेजारचे उपाशी राहावेत, तसं झालं! त्यात बोर्ड स्वस्तातला. व्हीआरएमवर अॅल्युमिनियमचा तुकडाही नव्हता. भर म्हणून कॅबिनेट भिंतीला चिकटलेलं, जाळीत धूळ, आणि ओल येऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकचं कव्हर! गरम हवा जाणार कुठून?

दादांनी मऊ ब्रशनं धूळ काढली. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं. पुढून हवा आत यावी आणि मागून बाहेर जावी, असे पंखे लावले. जुना छोटा पंखा व्हीआरएमच्या समोर बसवला. शेवटी वाढवलेला वेग आणि व्होल्टेज मूळ जागी आणलं. "द्रवाच्या कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं, की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर बंद पडला नाही. संध्याकाळी त्यानं सगळं आबांना सांगितलं. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "बैलाला चढावर दामटलं, तर त्याला दम खाऊ द्यावा लागतो. यंत्राचं काय वेगळं?"

उष्णतेचा हा प्रश्न मोठमोठ्या यंत्रांनाही असतो बरं का! १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकनं 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. पुण्यातल्याच आयसर संस्थेत २०१९ मध्ये 'परम ब्रह्म' बसवला गेला. त्यात उष्णता वाहून न्यायला चक्क पाणी वापरतात. चिपला पाण्याचा थेंब लागत नाही. चिपवर बसवलेल्या धातूच्या पट्टीतून पाणी वाहतं. वेगाच्या स्पर्धांमध्ये तर उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओततात आणि ८ गिगाहर्ट्झच्याही पुढं जातात. पण तो विक्रम थोड्या वेळापुरताच. घरी तसलं काही करायचं नाही हं!

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांनी कॉम्प्युटर उघडायचा म्हटलं, तर शेजारी बसा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

आणि मुलांनो, आज घरच्या किंवा शाळेच्या कॉम्प्युटरमागं हात धरून बघा. गरम वारा लागतोय? मग उष्णता बाहेर पडतेय. कॅबिनेट तापलंय, पण वाराच लागत नाही? मग लगेच मोठ्यांना सांगा. त्या मुलासारखं लपवून ठेवू नका!