फॉरमॅट मारायच्या आधी...

उद्या व्हायवा, रिपोर्ट अर्धवट आणि लॅपटॉप सुरूच होत नाहीये. संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता. मग कुठला तरी ड्रायव्हर टाकला आणि आता समोर निळी स्क्रीन! रिपेअरवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं, 'फॉरमॅट मारावा लागेल.' पैसे जातात ते जातातच, पण सेमिस्टरभराचा डेटा गेला तर?

त्याच्याकडे जाण्याआधी सिस्टिम रिस्टोअर करून बघा. २००० साली विंडोज मिलेनियमसोबत आलेली ही सोय आजच्या विंडोज ११ मध्येही आहे. गेममधल्या सेव्ह पॉइंटसारखीच समजा ना. रजिस्ट्री, सिस्टिम फाइल्स, ड्रायव्हर्स एका ठरावीक वेळी जसे होते, त्याची नोंद म्हणजे रिस्टोअर पॉइंट. बिघडलं की तिथे परत जायचं. तुमचे फोटो, वर्ड फाइल्स, पीपीटी यांना तो हात लावत नाही. मात्र त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर्स उडतात. कोणती, ते 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स'वर क्लिक केलं की आधीच कळतं.

खरी गोम वेगळीच आहे. बऱ्याच मशीनवर ही सोय बंदच असते आणि ते कळतं नेमकं गरज पडल्यावर. म्हणून आज, लॅपटॉप धडधाकट असतानाच स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप करा. सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' दिसलं तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन सिस्टिम प्रोटेक्शन ऑन करा. खालची पट्टी सरकवून चार-पाच टक्के जागा दिली तरी भागतं. मग 'क्रिएट' दाबून पॉइंटला नाव द्या. 'ड्रायव्हर टाकण्याआधी' असं साधं नाव चालेल, 'एबीसीडी' नको.

आणि मशीन चालूच होत नसेल तर? सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच रिकव्हरीच्या स्क्रीनवर येतं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टिम रिस्टोअर. इथे बिटलॉकरची की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते. आत्ताच बघून कागदावर लिहून ठेवा. रिस्टोअर चालू असताना चार्जर लावलेला हवा. अर्धा तास स्क्रीन अडकल्यासारखी वाटली तरी मध्येच बंद करायचं नाही. डेस्कटॉपवाल्यांनो, लाइट जायची वेळ असेल तर हा उद्योग नंतर करा.

बॅकअपचं काम मात्र हा पॉइंट करत नाही. चुकून डिलीट केलेला रिपोर्ट तो परत आणणार नाही. शिवाय तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. व्हायरसवरही त्याचा भरवसा नको. रिपोर्टची एक कॉपी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर हवीच.

जागा संपली की जुने पॉइंट आपोआप पुसले जातात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत तर ते जास्तीत जास्त ६० दिवसच राहतात. म्हणजे सेमिस्टरच्या सुरुवातीला केलेला पॉइंट सबमिशनपर्यंत टिकायचा नाही. सबमिशनच्या आठवड्यात नवा करा. दोन मिनिटांचं काम आहे.