थंडीत रुजलेली शैवाले आणि वाढते तापमान

कायम थंडीत वाढणाऱ्या हिरव्या शैवालांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. काहींना थंडी सोसते, पण ती जोमाने वाढतात उबेतच. त्यांना शीतसहिष्णू म्हणतात. काहींना मात्र थंडीच लागते. तापमान 15-20 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यांची वाढ थांबते. ही शीतप्रेमी शैवाले. ध्रुवांजवळचा प्रदेश आणि उंच पर्वत तापू लागले, तेव्हापासून हा भेद वर्गीकरणापुरता राहिलेला नाही. कोणते शैवाल टिकेल आणि कोणते नाही, याचा पहिला अंदाज त्यावरून येतो.

थंडीत जगण्यासाठी पेशीची घडणच बदलावी लागते. पेशीचे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे असते आणि ते थिजले तर पेशीचे व्यवहार ठप्प होतात. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठते, शेंगदाण्याचे तेल मात्र पातळच राहते. कारण पहिल्यात संतृप्त मेदाम्ले भरपूर, तर दुसऱ्यात असंतृप्त जास्त. शीतप्रेमी शैवालांच्या पटलांतही असंतृप्त मेदाम्ले मोठ्या प्रमाणात असतात, म्हणून शून्य अंशाच्या आसपासही ती लवचिक राहतात. त्यांच्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, रचनाही तशीच सैलसर असते. ताठर विकर थंडीत मंदावते, सैल विकर काम करत राहते. पण हा सैलपणा उबेत घातक ठरतो. पटल गरजेपेक्षा पातळ होते आणि इतर जीवांच्या शरीरात सहज टिकणाऱ्या तापमानालाच ही विकरे विस्कटू लागतात.

तिसरी अडचण प्रकाशाची आहे. हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषते, ते काम तापमानावर अवलंबून नसते. त्या ऊर्जेपासून साखर बनवण्याचे काम मात्र विकरांचे, आणि ते थंडीत सावकाश चालते. त्यामुळे थंड पाण्यातल्या पेशीकडे वापरता येईल त्याहून जास्त ऊर्जा साचते आणि तिच्यापासून पेशीला इजा करणारी ऑक्सिजनची उग्र रूपे तयार होतात. ही जादा ऊर्जा निकामी कशी करायची, हा थंड प्रदेशातल्या प्रत्येक शैवालापुढचा रोजचा प्रश्न असतो.

या सगळ्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झालेला जीव अंटार्क्टिकातल्या बॉनी सरोवरात सापडला. मॅकमर्डो कोरड्या खोऱ्यांपैकी टेलर खोऱ्यात हे सरोवर आहे आणि त्यावर बारा महिने काही मीटर जाडीचा बर्फ असतो. बर्फाखाली सुमारे 17 मीटर खोलीवर, समुद्राच्या पाण्याहून किंचित खारट आणि 4 ते 6 अंश तापमानाच्या पाण्यात एक एकपेशीय शैवाल राहते. तिथे हिवाळ्यात कित्येक महिने पूर्ण अंधार असतो, आणि उन्हाळ्यात बर्फातून गाळून येतो तो फक्त मंद निळा-हिरवा प्रकाश. ध्रुवीय सरोवरांचे अभ्यासक जॉन प्रिस्कू यांनी हे शैवाल मिळवले. कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठाच्या संग्रहात ते ‘यूडब्ल्यूओ 241’ या क्रमांकाने ओळखले जाऊ लागले आणि अलीकडे त्याला क्लॅमिडोमोनास प्रिस्कुई हे नाव मिळाले.

हे शैवाल 8 अंशांच्या आसपास उत्तम वाढते, 16 अंशांच्या वर वाढतच नाही आणि 24 अंशांना मरते. त्याचे नातलग क्लॅमिडोमोनास राइनहार्टी 1945 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या शेतजमिनीतून मिळाले. जगभरच्या प्रयोगशाळांत ते 25 अंशांच्या आसपास मजेत वाढते. म्हणजे एकाच्या सुखाचे तापमान दुसऱ्याचा जीव घेते. 24 अंशांच्या पाण्यात अंटार्क्टिकाचे शैवाल तत्काळ मरत नाही. प्रकाश गोळा करणाऱ्या यंत्रणेची नवी मांडणी करण्याचा प्रयत्न ते करते, पण एक-दोन दिवसांत त्याच्या पेशी मोठ्या संख्येने मरू लागतात.

ते का तग धरू शकत नाही, याचे उत्तर शोधताना जे हाती आले ते या विषयातले सर्वांत लक्षणीय निष्कर्ष म्हणावे लागतील. बहुतेक जीव उष्णतेचा तडाखा बसताच विशेष संरक्षक प्रथिने झपाट्याने बनवतात. ही प्रथिने विस्कटणाऱ्या इतर प्रथिनांना सावरून धरतात. बॉनी सरोवरातल्या शैवालात तपासलेली अशी प्रथिने नेहमीच्या थंड वाढीतही मुबलक आढळली. पुढे उष्णतेसारखा ताण दिला तेव्हा मात्र त्यांत भर पडली नाही. ताण संपण्याची शक्यताच नसलेल्या जागी हा जीव हजारो वर्षे राहिला, म्हणून संकटकाळची व्यवस्था त्याने कायमची चालू ठेवली. नव्या संकटासाठी वाढवायला मग काही शिल्लकच उरले नाही.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासातही असाच कल दिसतो. या शैवालाचा जनुकसंच सुमारे 21 कोटी अक्षरांचा, म्हणजे राइनहार्टीच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि त्यात शेकडो जनुकांच्या जवळजवळ तंतोतंत सारख्या जादा प्रती आहेत. थंडीत प्रत्येक विकर सावकाश काम करत असेल तर तेच विकर अधिक संख्येने बनवणे हा साधा उपाय. उलट प्रकाशाच्या चढउतारानुसार ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाच्या एका यंत्रणेकडून दुसरीकडे वळवण्याची जी लवचिक सोय राइनहार्टीत आहे, ती या शैवालाने गमावली. मंद, स्थिर प्रकाशात तिची गरजच नव्हती. उत्क्रांतीने इथे अनावश्यक ते गाळले आणि आवश्यक ते वाढवले. परिस्थिती बदलली नसती तर या हिशेबात काहीच चूक नव्हती.

अंटार्क्टिकातलीच कोकोमिक्सा सबएलिप्सॉइडिया ही दुसरी शैवाल-जाती पाहिली की फरक ठळक होतो. मार्बल पॉइंट येथून मिळालेल्या या शैवालाचा जनुकसंच 2012 मध्ये वाचला गेला. थंडीत ती जगते, पण 20 अंशांजवळ अधिक चांगली वाढते. जमिनीच्या उघड्या पृष्ठभागावर थंडी आणि ऊन यांचा खेळ सतत चालू असतो, त्यामुळे तिथल्या जीवाला दोन्ही टोके सांभाळावी लागतात. तापत्या अंटार्क्टिकात अशा जातींना जागा मोकळी होत जाईल.

हिमावर राहणाऱ्या शैवालांची गोष्ट वेगळी आहे. जॉन रॉस यांच्या मोहिमेने 1818 मध्ये वायव्य ग्रीनलंडच्या कड्यांवर लाल हिम पाहिले, तेव्हा त्याबद्दल मोठे कुतूहल निर्माण झाले. तो रंग सँग्विना आणि क्लोरोमोनास यांसारख्या हिरव्या शैवालांचा असतो. वसंतात हिम वितळू लागले की त्यांच्या हिरव्या, शेपट्या असलेल्या पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत वर येतात. पुढे त्या जाड भिंतीच्या होतात आणि अतिप्रखर उन्हापासून बचावासाठी अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य साठवतात. या शैवालांना वाढीसाठी द्रवरूप पाणी लागते. म्हणून थोडीशी ऊब त्यांना लाभते: वितळण्याचा काळ लांबतो, पाणी वाढते, शैवालांची दाट वाढ म्हणजे मोहोर पसरतो. पण हिमच उरले नाही तर राहायला जागा नाही. त्यांना उष्णतेने मरावे लागत नाही, त्यांचे घरच वितळून जाते.

अंटार्क्टिक द्वीपकल्पावर हे दोन्ही परिणाम एकत्र दिसण्याची चिन्हे आहेत. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे यांच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून हिरव्या हिमाचा नकाशा 2020 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 1,679 मोहोर नोंदले गेले. एकूण क्षेत्र जेमतेम 1.9 चौरस किलोमीटर. बरेचसे मोहोर पेंग्विनांच्या वसाहतींजवळ होते, कारण विष्ठेतून नत्र आणि स्फुरद मिळते. जवळजवळ दोन तृतीयांश मोहोर सखल, लहान बेटांवर होते. ऊब वाढल्यावर तिथले उन्हाळी हिम नाहीसे होऊन ते संपू शकतील. मात्र दक्षिणेकडच्या आणि उंचावरच्या मोठ्या हिमक्षेत्रांत नवे मोहोर पसरतील आणि एकूण प्रमाण वाढेल, असा संशोधकांचा अंदाज आहे. बेरजेत वाढ दिसली, तरी लहान बेटांवरचे विशिष्ट समूह हरपले तर ती हानी या आकड्यात दिसणार नाही.

शैवाले तापमानाला केवळ प्रतिसाद देत नाहीत, ती स्वतःही हिम वितळवतात. पांढरे हिम बराचसा प्रकाश परत फेकते. रंगीत पेशी तो शोषतात. अलास्कातल्या हार्डिंग हिमक्षेत्रावरच्या 2017 च्या अभ्यासात, शैवाले असलेल्या भागात वितळलेल्या हिमापैकी सुमारे 17 टक्के हिम त्यांच्यामुळे वितळल्याचे आढळले. ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य भागात उघड्या बर्फावर अँसिलोनेमा ही वेगळ्या कुळातली शैवाले वाढतात. ती भूचर वनस्पतींच्या जवळची आहेत आणि त्यांच्या तपकिरी-जांभळ्या रंगद्रव्याने बर्फ काळपट होतो. 2017 च्या उन्हाळ्यात तिथून वाहून गेलेल्या पाण्याचा दहावा भाग किंवा थोडा अधिक या शैवालांमुळे होता, असा अंदाज आहे. ऊब वाढली की हिम लवकर सरते, बर्फ जास्त दिवस उघडा पडतो, शैवाले वाढतात आणि बर्फ आणखी वितळतो.

हिमालयातही अशी शैवाले आहेत. नेपाळमधल्या यला हिमनदीवर जपानी संशोधकांनी 1990 च्या दशकात त्यांची उंचीनुसार नोंद केली, तेव्हा खालच्या उघड्या बर्फावर एक समूह आणि वरच्या हिमावर दुसरा समूह आढळला. हिमरेषा वर सरकली तर हे पट्टेही वर सरकतील, मात्र शिखराच्या पुढे सरकायला जागा नाही.

आर्क्टिक समुद्रात मायक्रोमोनास पोलॅरिस हे दोन मायक्रोमीटरपेक्षाही लहान हिरवे शैवाल आहे. त्याला 6 ते 8 अंश तापमान मानवते, म्हणजे शून्याजवळच्या पाण्यात थोडी वाढ त्याच्या फायद्याचीच. त्याहून महत्त्वाचा परिणाम अप्रत्यक्ष आहे. वितळलेल्या बर्फाचे गोडे, हलके पाणी वर तरंगते, खालचे खारे पाणी त्यात मिसळत नाही आणि नत्र वरपर्यंत पोचत नाही. अशा उपाशी पाण्यात लहान पेशी सरस ठरते, कारण आकाराच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा असतो. या समुद्रातल्या कॅनडा खोऱ्यात 2004 ते 2008 या काळात अतिलहान शैवाले वाढत गेली आणि त्यांहून मोठी कमी झाली, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून दिसले. मोठ्या शैवालांना कोपेपोडांसारखे लहान प्राणी थेट खातात. अतिलहान पेशींना मात्र आधी सूक्ष्म आदिजीव खातात आणि मग ते आदिजीव कोपेपोडांच्या तोंडी जातात. अन्नसाखळीत एक पायरी वाढली की प्रत्येक पायरीवर बरीच ऊर्जा खर्ची पडते आणि मासे, समुद्रपक्षी व सील यांच्यापर्यंत तिचा कमी वाटा पोचतो.