खाडीचा वळसा आणि आपला उसाचा रस्ता

मार्च सरत आला की आपल्याकडं फड मोकळे होतात, गव्हाणीवरची गर्दी ओसरते, टोळ्या गावाकडं परतायच्या गडबडीत असतात. आपला हंगाम असा संपत आला, की कॅनडातल्या हॅमिल्टन शहरी पळणाऱ्यांचा हंगाम उघडतो. आपल्या एका सभासदाचा मुलगा त्या बाजूला नोकरीस आहे. सुट्टीवर आला असता त्याने गट ऑफिसात बसून तिथल्या शर्यतीची हकिगत सांगितली. ती सभासद बंधू-भगिनींच्या कानावर घालावी, असे आम्हांस वाटले.

हॅमिल्टन हे ओंटारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाचे, पोलाद कारखान्यांचे गाव. सरोवराचे पाणी तेथे आत शिरून खाडी झाली आहे. तिला वळसा घालून पळायचे, म्हणून शर्यतीचे नाव 'अराउंड द बे'. अंतर ३० किलोमीटर. पहिली शर्यत १८९४ साली झाली. बोस्टनची जगप्रसिद्ध मॅरेथॉन १८९७ सालची, म्हणजे ही तिच्यापेक्षा तीन वर्षांनी थोरली. मधे काही वर्षे खंड पडला, पण गावाने ती पुन्हा उभी केली.

या शर्यतीत पळलेले गडी कोणी बडे लोक नव्हते. बिली शेरिंग हा रेल्वेत ब्रेकमन. १९०६ साली अथेन्सला ऑलिंपिकच्या धर्तीवर खेळ झाले, तेव्हा तेथील ऊन अंगवळणी पडावे म्हणून तो आधीच जाऊन राहिला आणि मॅरेथॉन जिंकून आला. शेवटच्या टप्प्यात ग्रीसचा राजपुत्र त्याच्या शेजारून पळाला. बक्षिसात एक कोकरूही मिळाले, असे सांगतात. त्याच साली हॅमिल्टनची शर्यत टॉम लाँगबोटने मारली. हा तेथील मूळ रहिवाशांपैकी ओनोंडागा जमातीचा, राखीव वस्तीवर वाढलेला पोरगा. पुढच्या वर्षी, १९०७ साली, बोस्टनलाही तो पहिला आला आणि तिथला विक्रम मोडला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तो निरोप्या म्हणून पळाला.

आता शेतीची गोष्ट. या शर्यतीचा पहिला भाग बराचसा सपाट आहे, चढ-उतार लागतात ते शेवटी. सपाटीवर जो दम उधळतो, त्याचे पाय चढावर बोलतात. लागणीलाच सगळा युरिया ओतून मोठ्या बांधणीला हात आखडणारे शेतकरी आम्ही दर साली बघतो. त्यांच्या उसाचं वजन काट्यावर बोलतं. आणि मार्चअखेरच्या या पळण्याची मेहनत तिकडं ऐन हिवाळ्यात, बर्फात करावी लागते. आडसालीसारखंच आहे, आधी राबायचं, फळ मागाहून.

पण ही हकिगत सांगण्याचे खरे कारण वेगळे आहे. आपल्या कार्यक्षेत्रातली पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी पहाटे अंधारात पळतात. मैदान नाही, म्हणून उसाच्याच रस्त्यावर. गेल्या हंगामात पहाटे गटफेरीला निघालो असता एक पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी दिसली. मागे लाल रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेल्या उसाला कापडाची चिंधी नाही. पळत आलेली एक पोरगी तिच्यावर आदळली होती. कपाळाला खोक पडली होती. आम्ही तिला दवाखान्यात नेऊ लागलो तर म्हणाली, "सायेब, आधी एवढा राऊंड पुरा करू द्या." आम्हांला काय बोलावं सुचेना. ट्रॉली कुणाची, हे इथं लिहीत नाही. आमचंही लक्ष कमी पडलं होतं.

म्हणून सभासदांस विनंती. तुमचा ऊस ज्या गाडीत भरला जातो, तिच्या मागे रिफ्लेक्टर आहे का, हे स्लिप घेताना बघा. बंद पडलेल्या ट्रॉलीमागे दगड लावता, तसाच कंदील किंवा बॅटरीही लावा, आणि गाडी हलली की दगड उचला. पोरांनी समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळावे, अंगात पांढरा सदरा घालावा.

आणि एक मनातलं. गाळप आटोपलं की एक रविवार सकाळी कारखान्याच्या गेटापासून रस्ता दोन तास वाहनांना बंद करून आपल्या पोरांना पळू द्यावं. खर्च पाण्याच्या टाक्यांचा अन् गुळाच्या खड्यांचा. हा विचार आम्ही गटसभेत मांडणार आहोत. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला तुम्ही या.