डी-सम की सम-इफ्स? एका चुकीच्या नोटिशीची गोष्ट

आजचा भाग ऐकायला थोडा अवघड जाईल, कारण फॉर्म्युले कानाने समजत नाहीत. म्हणून नेहमीप्रमाणे इथे लिहूनही देतोय. बसमध्ये असाल तर आधी गोष्ट ऐका, शीट घरी जाऊन उघडा.

तर गोष्ट अशी. माझे बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार. दोन विंग, ए आणि बी, प्रत्येकी 12 फ्लॅट. मेंटेनन्स महिन्याला 1,800 रुपये. हिशोब वहीत होता. मी इंजिनिअर मुलगा, म्हटलं, "बाबा, एक्सेलमध्ये करून देतो." करून दिलं. फ्लॅट नंबर, महिना, रक्कम आणि स्थिती असे चार कॉलम. स्थितीत 'भरले' किंवा 'बाकी'. शेजारी एक नोटीस शीट. त्यात फ्लॅट नंबर टाकला की थकबाकी आपोआप येणार. ए-5 टाकून बघितलं, बरोबर. ए-7 टाकून बघितलं, तेही बरोबर. झालं काम.

पुढच्याच महिन्यात ए-1 मधल्या काकूंना नोटीस गेली. 'थकबाकी 12,600 रुपये.' म्हणजे सात महिने! काकू रिटायर्ड शिक्षिका, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे देणाऱ्या. नोटिशीवर सही बाबांची. संध्याकाळी काकू पावत्यांची फाईल घेऊन आमच्या दारात. बाबांना काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, तू कंप्युटरवाला ना? मग मला सांग, हे सात महिने कुठले?"

मला सांगता आलं नाही. पावत्या सगळ्या होत्या. शीटमध्येही ए-1 समोर प्रत्येक महिन्याला 'भरले' असंच होतं. तरी उत्तर 12,600.

चूक कुठे होती?

मी डी-सम वापरलं होतं. नावातला 'डी' म्हणजे डेटाबेस. हे जुनं फंक्शन आहे, 1983 च्या लोटस 1-2-3 मध्येही होतं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: हेडिंगसकट पूर्ण टेबल, कुठल्या कॉलमची बेरीज करायची ते, आणि अटींचा छोटा चौकोन. त्या चौकोनात वर हेडिंग, खाली अट. माझ्या चौकोनात 'फ्लॅट'खाली ए-1 आणि 'स्थिती'खाली बाकी.

आता गंमत बघा. एक्सेलच्या डी-सममध्ये अट म्हणून नुसता मजकूर लिहिला, तर त्याचा अर्थ 'हाच मजकूर' असा होत नाही. 'या मजकुराने सुरू होणारं काहीही' असा होतो. ए-1 ने काय काय सुरू होतं? ए-1, ए-10, ए-11 आणि ए-12. ए-10 चे दोन महिने बाकी होते, 3,600. ए-12 चे पाच महिने, 9,000. बेरीज 12,600. शेजाऱ्यांची थकबाकी काकूंच्या नावावर!

आणि माझं टेस्टिंग? ए-5 ने सुरू होणारा दुसरा फ्लॅटच नाही, त्यामुळे उत्तर बरोबर येणारच होतं. बी-1 लाही हीच चूक लागू होती, पण बी-10 ते बी-12 यांचं काहीच बाकी नव्हतं. चूक होती, पण शून्य असल्यामुळे दिसली नाही.

डी-सममध्येच दुरुस्ती करायची तर अटीच्या सेलमध्ये ="=ए-1" असं लिहायचं. दोन वेळा बरोबरचं चिन्ह. मग तंतोतंत तोच फ्लॅट मोजला जातो.

सम-इफ्सने काय झालं असतं?

सम-इफ्स एक्सेल 2007 मध्ये आलं. यात आधी बेरजेचा कॉलम द्यायचा, मग जोडी-जोडीने कॉलम आणि अट. ए-1 लिहिलं तर ते पूर्ण सेल जुळवतं, म्हणजे ए-10 मोजत नाही. काकूंचं उत्तर शून्य आलं असतं. दुसरा फायदा म्हणजे हा फॉर्म्युला खाली ओढता येतो. 24 फ्लॅटची यादी केली की 24 उत्तरं. डी-समला प्रत्येक फ्लॅटसाठी वेगळा अटींचा चौकोन लागतो.

पण सम-इफ्सचेही खड्डे आहेत:

- एकाच कॉलमवर दोन अटी दिल्या, फ्लॅट ए-10 आणि फ्लॅट ए-12, तर उत्तर शून्य. कारण सम-इफ्सच्या अटी 'आणि'ने जोडल्या जातात, आणि एकच ओळ एकाच वेळी दोन फ्लॅटची असू शकत नाही. दोन सम-इफ्स लिहून त्यांची बेरीज करा.
- जुन्या सम-इफमध्ये बेरजेचा कॉलम शेवटी येतो, सम-इफ्समध्ये पहिला. एकावरून दुसऱ्यावर जाताना हमखास गडबड होते.
- सगळे कॉलम सारख्याच लांबीचे हवेत. नाहीतर सम-इफ्स एरर देतं. सम-इफ मात्र एरर न देता स्वतःच अंदाजाने लांबी धरतं, आणि ते जास्त धोक्याचं.

मग डी-सम टाकाऊ का?

नाही. 'ए विंगमधले बाकी, किंवा 2,000 च्या वरची कुठलीही रक्कम' अशा मिश्र अटींना ते छान आहे. एका ओळीतल्या अटी म्हणजे 'आणि', खालच्या ओळीतली अट म्हणजे 'किंवा'. अटी सेलमध्ये उघड दिसतात, त्यामुळे फॉर्म्युला न कळणारा माणूसही त्या बदलू शकतो. फक्त चौकोनात एक ओळ रिकामी राहिली तर ती सगळ्याच नोंदींना लागू होते आणि अख्ख्या टेबलाची बेरीज येते. हे लक्षात ठेवा.

सम-प्रॉडक्ट आणि फिल्टर

'तारखेच्या कॉलममधून फक्त एप्रिल महिना' अशी अट असेल तर सम-प्रॉडक्ट कामाचं. अट खरी असेल तर 1, खोटी असेल तर 0, आणि मग रकमेशी गुणाकार. सम-इफ्समध्ये कॉलमवर असं महिना काढण्याचं फंक्शन लावता येत नाही, तिथे दोन तारखांमधलं अंतर द्यावं लागतं. पण गुणाकार करताना रकमेच्या कॉलममध्ये कुणी 'माफ' असा शब्द लिहिला असेल तर सम-प्रॉडक्ट एरर देईल. सम-इफ्स तो शब्द गुपचूप सोडून देईल. कुठलं बरं? मला विचाराल तर हिशोबात आरडाओरडा करणारा फॉर्म्युला बरा.

फिल्टर हे नवीन, एक्सेल 2021 मध्ये आणि गुगल शीट्समध्ये मिळतं. ते बेरीज देत नाही, जुळलेल्या ओळीच समोर ठेवतं. नोटिशीत आकड्यासोबत ओळी छापल्या असत्या, तर ए-1 साठी एकही ओळ आली नसती आणि बाबांनी सहीच केली नसती.

आता मी काय करतो?

फ्लॅटवार बेरीज सम-इफ्सने. नोटिशीखाली फिल्टरने काढलेले बाकी महिने. आणि शेवटी ताळा. त्या महिन्यात सोसायटीची खरी एकूण थकबाकी 14,400 होती: ए-10 आणि ए-12 ची मिळून 12,600, आणि बी-7 चे 1,800. माझ्या डी-समने आलेल्या 24 उत्तरांची बेरीज केली असती तर 27,000 आली असती. फरक नेमका 12,600. एका सेलमधला ताळा, आणि चूक दारापर्यंत गेलीच नसती. आजोबांची पिढी वहीत ताळा केल्याशिवाय पान उलटत नव्हती, आणि मी कंप्युटरवर आहे म्हणून तो केला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी दोघं काकूंकडे गेलो. मी लॅपटॉप नेला आणि ए-1 मागे ए-10 कसा येतो ते दाखवलं. काकूंनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हजेरी घेताना 'पाटील' म्हटलं आणि सगळे पाटील उभे राहिले." मी इतका वेळ घेऊन सांगितलेलं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. दुरुस्तीचं पत्र नोटीस बोर्डावर लावलं, बाबांच्या सहीखाली यावेळी माझीही सही.

तुमच्या शीटमध्ये डी-सम असेल तर आजच एक करा. जो नंबर दुसऱ्या नंबरची सुरुवात आहे, तोच टाकून बघा. 1 आणि 10, 2 आणि 21. काय येतं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!