हळद गेली की मृगाच्या आत : दोघांनी नाटकाला आणि रानात कधी, कुठं जावं

मंडळी, आपल्या वारंगा फाट्यावर रस्ते फुटतात. एक नांदेडला, एक कळमनुरी-हिंगोलीवरून अकोल्याला, एक हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. दिवसरात्र गाड्या चालू. पण फाट्यावरची नवरा-बायको दोघंच कुठं फिरायला गेली, असं फारसं ऐकू येत नाही. लग्नाला जातात, मातीला जातात, औंढ्याला-पंढरपूरला जातात. पण चार दिवस नाटक बघायला आणि रानात हिंडायला? तिथं दोन प्रश्न आडवे येतात. लोक काय म्हणतील, आणि वेळ कुठाय. पहिल्याचं उत्तर आमच्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे.

आम्हा दोघांपैकी एकाला नाटकाचं वेड, दुसऱ्याला झाडापाखरांचं. कुणाला कशाचं, ते राहू द्या. वेळेचं मात्र दोघांचं एकच. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून वसमत-हिंगोलीच्या बाजारात जाईपर्यंत एप्रिल सरतो. सात जूनच्या आसपास मृग. मधे जो मे महिना उरतो, त्यात नांगरट असते, शेणखत टाकायचं असतं, तरी चार-पाच दिवस निघतात.

आता बघा, शेतीसारखंच नाटकालाही हंगाम असतो, आणि तोही पीकपाण्यावरच ठरतो. चंद्रपूर-गडचिरोली-भंडाऱ्याकडची झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर धान घरात आलं की सुरू होते. मेमध्ये गेलात तर मंडप उठलेले. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात, नारायणगावात राहुट्या टाकून यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात, आणि वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम आवरतो. आमच्या ओळखीत बरेच जण म्हणतात, "गेलो, पण काही बघायला मिळालं नाही." मिळणार कसं? हंगाम न बघता पेरणी केल्यासारखं झालं ते.

मग मेमध्ये काय हाती लागतं? एक शहरातलं नाटक. नांदेडला कुसुम सभागृह आहे, शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. संध्याकाळी निघालं तर रात्री घरी परत येता येतं. त्याला जोडून पैनगंगा अभयारण्य. उन्हाळ्यात सागाची पानं गळालेली असतात, म्हणून रान भकास वाटतं खरं. पण पानच नाही म्हटल्यावर पाखरू लपणार कुठं? पाणवठ्याकडं नजर ठेवायची, वन खात्याची परवानगी घेऊनच आत जायचं, नवाच्या आत बाहेर यायचं. एका दिवसाला हे पुष्कळ झालं. पण त्याला गावाला जाणं म्हणत नाहीत.

आमचं मत विचाराल तर सिंधुदुर्ग. तिथला दशावतार कार्तिकापासून जत्रांमधून खेळला जातो. मेमध्ये जत्रा संपत आलेल्या असतात, पण मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात. मग कुणाची सत्यनारायणाची पूजा, कुठल्या देवळाचा वर्धापनदिन, असं निमित्त काढून दशावतार लावतात. पाऊस आला की बंद, कारण खेळणारी माणसंही शेतावर जाणारी.

हे नाटक आहे तरी कसं? लिहिलेली संहिता नसते. कथानक आधी आपसांत ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या तयार होतात. पायपेटी, मृदंग, झांज एवढीच साथ. परंपरेनं स्त्रीपात्रंही पुरुषच करतात, आणि आपला रंग आपणच लावतात. आधी गणपती, सरस्वती, भटजी, संकासुर असा पूर्वरंग, त्याला आडदशावतार म्हणतात. मग मुख्य आख्यान. जत्रेत हे पहाटेपर्यंत चालायचं आणि दहीकाल्यानं संपायचं. आता दोन-तीन तासांतही आटोपतात. प्रेक्षकाला तिकीट नसतं, मंडळाची बिदागी यजमान किंवा देवस्थान देतं. म्हणजे आपण कुणाच्या तरी अंगणातले पाहुणे, हे विसरू नये. कुठं खेळ आहे ते कुडाळात, सावंतवाडीत रिक्षावाल्याला किंवा चहावाल्याला विचारा, तो सांगतो.

चालायला धामापूरचा तलाव. सोळाव्या शतकातला, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी. नाहीतर आंबोली घाट. शेकरू दिसतं, नशीब असेल तर धनेश. वाटेत करवंदं, रातांबे, काजू. मेच्या शेवटी पाऊस तोंडावर आला की रात्री झाडांवर काजवे. देवराईत शिरलात तर तिथला रिवाज विचारून घ्या आणि काडीही उचलू नका.

एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडं पारा त्रेचाळीसला जातो, तिकडं चौतीस-पस्तीसच असतो, म्हणून आपल्याला वाटतं की हे तर काहीच नाही. पण आपली हवा कोरडी. घाम येतो तसा उडून जातो आणि अंग गार करतो. तिथं हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम उडतच नाही, नुसता गळत राहतो. म्हणून तिथं दुपारी चालायचं नाही. पहाटे साडेपाचला निघायचं, साडेआठला परत. मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवायचं, नाहीतर कोकम सरबत आहेच.

आता अडचण अशी, की रात्री दोनपर्यंत नाटक बघून पहाटे पाचला कोण उठणार? आम्ही एकाआड एक दिवस ठरवतो. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी दहापर्यंत झोप, चालण्याच्या आदल्या रात्री नऊला अंथरूण. यावरून घरोघरी थोडी भांडणं होतील, होऊ द्या.

जायचं कसं? नांदेडहून देवगिरी, तपोवन किंवा नंदीग्रामनं मुंबई, तिथून तुतारी किंवा कोकणकन्येनं कुडाळ. मेमध्ये कोकणच्या गाड्यांना मरणाची गर्दी. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे हळद शिजत असतानाच तिकीट काढायचं, आणि परतीचं जूनच्या पहिल्या तारखेआधीचं.

बोला, कुणाला काही विचारायचंय?