एकच एम, कामे अनेक

इंग्रजीतले ‘एम’ हे अक्षर विज्ञानात किती कामे करते पहा! ‘एम. एम.’ म्हणजे मिलिमीटर. यातला पहिला एम हजारावा भाग दाखवतो, दुसरा मीटर. सूत्रात तोच एम वस्तुमान होतो. छापताना राशीचे अक्षर तिरके आणि एककाचे सरळ ठेवण्याचा संकेत आहे. आपल्या हस्ताक्षरात तो टिकतो थोडाच!

खरा घोटाळा पुढेच आहे. लहान एम म्हणजे मिली, तर मोठा एम म्हणजे मेगा, दहा लाख पट. एका विद्यार्थ्याने ५ मिलिवॅटच्या लेसरला मोठा एम लावला. शक्ती १०० कोटी पट झाली! इतक्या शक्तीवर ५००० घरांना प्रत्येकी १ किलोवॅट वीज पुरवता येईल. मी गुण कापला, तर म्हणतो, “सर, अक्षर तर तेच आहे ना?”