मरळाच्या मागावर

मुळा धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरू लागलं की काठाचं गवत आणि बेशरमाची झुडपं उघडी पडतात. तिथं सकाळी लवकर जाऊन उभं राहावं. गवतालगत एक बुडबुडा फुटतो, वर्तुळ उमटतं आणि विरतं. मरळ श्वास घेऊन गेला! या माशाचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन त्याला हवा घ्यावीच लागते, आणि तिथंच त्याचा ठावठिकाणा कळतो.

आपल्याकडे गळ टाकून बसणं म्हणजे वाट पाहणं. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची आणि तरंगत्या बुचाकडे डोळे लावायचे. रोहू-मृगळांसाठी हे ठीक, ते चरत चरत येतात. मरळ दबा धरून बसणारा शिकारी. त्याला भक्ष्याची हालचाल दिसली पाहिजे. म्हणून हलका रॉड, रीळ आणि रबरी बेडूक. बेडूक गवताच्या पलीकडे फेकायचा, दोन हलके झटके देऊन थांबायचं, पुन्हा दोन झटके. झडप बहुधा त्या थांबण्यातच पडते. पाणी उसळलं म्हणून लगेच खेचलं तर बेडूक तोंडातून निसटतो. दोरीला वजन जाणवलं की मगच ओढ घ्यावी. दहा-बारा फेकी वाया गेल्या तर वीस पावलं पुढं सरकावं.

काश्मीर आणि निलगिरीच्या थंड पाण्यात इंग्रजांनी आणून सोडलेल्या ट्राउटलाही असंच शोधत जावं लागतं. तो प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड थांबतो. म्हणून त्याच्या मागून, प्रवाहाच्या उलट चालत जायचं आणि आमिष वरच्या अंगाला टाकून त्याच्याकडे वाहू द्यायचं. मुळा धरणाच्या कोमट पाण्यात ट्राउट तगणार नाही, पण मासा कुठं असेल हे आधी ओळखायची त्याची शिकवण इथंही कामाला येते.

धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारावं. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

पावसाळ्यात मरळाची वीण होते. तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यावर सळसळत फिरतो आणि खाली आईबाप पहारा देतात. जवळ येईल त्यावर ते तुटून पडतात, त्यामुळे तिथं बेडूक टाकला तर मासा लागतोच. पण राखणदार गेला की पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात. असा पुंजका दिसला की मी दोरी गुंडाळतो आणि दुसऱ्या काठाला जातो.